गाणं अडकलेलं नाही, ते असंच आहे! लूपवाल्या संथ संगीताचा किस्सा

कुणीतरी लिंक पाठवतं, "हे ऐक, भारी आहे." तुम्ही लावता. पाच मिनिटं होतात तरी ना ठेका, ना गायक, ना कडवं. तोच एक तुकडा परत परत. पहिली शंका नेटवर जाते. कॅसेटच्या जमान्यातले लोक म्हणतील, टेप अडकली.

अडकलेलं काही नसतं. याला म्हणतात अँबियंट म्युझिक, आणि त्यातलं बरंचसं लूपवर चालतं. लूप म्हणजे आवाजाचा असा तुकडा, ज्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडलंय. पूर्वी हे अक्षरशः करायचे. रेकॉर्डिंगच्या टेपचा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं चिकटवायची आणि मशीनवर चढवायचा. बसला फिरत.

तसं आपल्याला हे नवीन नाही. तबल्याच्या सोलोत मागे हार्मोनियमवर तोच लहरा घोळत असतो, तो लूपच की! फक्त तिथे वाजवणाऱ्याचा हात दुखतो. आणि टेप लूपशी खेळणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींपैकी टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला.

पण "अँबियंट" हे नाव रुजवलं ते ब्रायन ईनोने. झालं असं, 1975 साली लंडनमध्ये त्याला अपघात झाला. तो अंथरुणाला खिळलेला. एका मैत्रिणीने हार्पच्या संगीताची रेकॉर्ड आणून दिली. ती लावून तो आडवा झाला, तेव्हा कळलं की आवाज फार कमी आहे आणि एक बाजू तर वाजतच नाहीये. उठायची ताकद नव्हती. मग तसंच ऐकलं, आणि ते सूर बाहेरच्या पावसात मिसळून गेले. संगीत असंही असू शकतं, हे त्याला तेव्हा सुचलं.

1978 मध्ये त्याने विमानतळासाठी म्हणून अख्खा अल्बम काढला, 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'. त्यातल्या एका रचनेत नुसते गळ्यातून काढलेले सूर आहेत. एक सूर दर 23.5 सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास 26, तिसरा जवळपास 30 सेकंदांनी. लांबी वेगळी, म्हणून ते दरवेळी वेगळ्या ठिकाणी भेटतात.

खोटं वाटतं? घरातले तीन फोन घ्या. 7, 9 आणि 11 सेकंदांचे तीन सूर गुणगुणून रेकॉर्ड करा, एकदम सुरू करा आणि रिपीटवर टाका. तिघं पुन्हा एकत्र सुरू होतील ते थेट 693 सेकंदांनी, म्हणजे साडेअकरा मिनिटांनंतर. शाळेतला लसावि शेवटी इथे कामी आला.

आता विल्यम बासिन्स्कीची गोष्ट. 2001 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तो आपले 1980 च्या दशकातले टेप लूप डिजिटल करत होता. टेप जुनी, त्यामुळे मशीनवर फिरताना तिच्यावरचा चुंबकीय थर सुटून पडायला लागला. प्रत्येक फेरीत सूर थोडा झिजायचा. त्याने मशीन बंद केलं नाही. सूर मरताना रेकॉर्ड होत गेला.

मग 11 सप्टेंबर उजाडला. त्या दिवशी तो मित्रांसोबत गच्चीवर होता आणि समोर नदीपलीकडे धूर. संध्याकाळी उजेड संपेपर्यंत त्याने तो धूर चित्रित केला. पुढे 'डिसिंटिग्रेशन लूप्स' नावाने हे संगीत आलं, तेव्हा मुखपृष्ठांवर त्याच चित्रणातली दृश्यं होती.

ऐकायचं तर यातला पहिला तुकडा घ्या, तासाभराहून थोडा मोठा आहे. कंटाळा येणार. मला चौथ्या मिनिटाला आला होता. तरी चालू ठेवा, आणि शेवटाकडे पोचलात की एकदा पहिलं मिनिट परत लावून बघा.