स्टाव्हांगरला निघालात? आधी नंबर, मग नोकरी, मग धंदा

लातूरच्या मागच्या बॅचमध्ये उदगीरकडच्या एका मुलाने विचारलं, "सर, नॉर्वेत स्टाव्हांगरला पाइपिंग डिझाइनची नोकरी मिळतेय. दोन वर्षांनी तिथंच काहीतरी स्वतःचं सुरू करीन म्हणतो. बायको डबे चालू करते म्हणते. जाऊ का?" व्हिडिओत मी याचं उत्तर घाईत दिलं. इथं नीट सांगतो.

पहिली गोष्ट, हे गाव छोटं आहे. लोकवस्ती दीड लाखाच्या आसपास. आपलं लातूर शहर 2011 च्या जनगणनेतच 3.8 लाखांवर होतं. समुद्रकाठच्या या गावात एकेकाळी सार्डिन मासे डब्यात भरायचे कारखाने होते. मग 1969 मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेल सापडलं, 1972 मध्ये सरकारी तेल कंपनी निघाली (आजची इक्विनॉर) आणि तिचं मुख्यालय इथं आलं. तेव्हापासून जगभरचे इंजिनिअर इथं येतात. म्हणजे परका माणूस गावाला नवा नाही. पण परक्याला सगळं आपोआप मिळतं असंही नाही.

पगार ऐकला की आपण लगेच नऊने गुणतो, कारण क्रोनर नऊ रुपयांच्या आसपास आहे. तो गुणाकार खर्चालाही लावा ना! हॉटेलातला कॉफीचा कप 40-50 क्रोनर, म्हणजे चारशे रुपये. खरा हिशोब एकच: महिन्याअखेर किती उरतात?

आता मुख्य मुद्दा. तिथं तुमची ओळख म्हणजे 11 आकडी नंबर. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर कायमचा नंबर मिळतो, कमी असेल तर तात्पुरता, त्याला डी-नंबर म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट घेऊन स्वतः कर कार्यालयात जायचं. नंबर आला की टॅक्स कार्ड, मग बँक खातं, मग बँक-आयडी. हा बँक-आयडी नसेल तर ऑनलाइन बरीच कामं अडतात. आणि टॅक्स कार्ड वेळेत नसेल तर मालकाला तुमच्या पगारातून 50 टक्के कापावे लागतात! नंतर हिशोबात परत येतात, पण पहिल्या महिन्यात घरभाडं कशातून देणार? म्हणून मी त्या मुलाला सांगितलं, दोन-अडीच महिन्यांचा खर्च सोबत ठेव. इथं आपण गंजगोलाईत "महिन्याखेरीस देतो" म्हणून किराणा उचलतो. तिथं तुम्हाला ओळखणारं कुणी नाही, उधारी कोण देणार?

सुट्टीतही एक गोम आहे. कायद्याने वर्षाला 25 दिवस सुट्टी, पण सुट्टीचे पैसे मागच्या वर्षी कमावलेल्या पगारावर मिळतात, किमान 10.2 टक्के. पहिल्या वर्षी मागची कमाईच नाही, म्हणजे कायद्यानुसार सुट्टी आहे पण तिचा पगार नाही. काही कंपन्या देतात. करारात बघून घ्या, मगच दिवाळीची तिकिटं काढा.

घराचं डिपॉझिट घरमालकाच्या खिशात जात नाही. भाडेकरूच्या नावाने वेगळं बँक खातं उघडून त्यात ठेवायचं आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांचं भाडं एवढंच. "आधी माझ्या खात्यावर टाका, चावी नंतर देतो" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. नोकरीचंही तसंच. नॉर्वेत नोकरी शोधणाऱ्याकडून फी घ्यायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटालाही 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. नांदेड-लातूरकडे शेत विकून चार-पाच लाख एजंटाच्या हातावर ठेवणारी घरं मी बघितलीत, म्हणून हे परत परत सांगतो.

आता धंदा. नोकरीचा परवाना म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे. स्वतःच्या धंद्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो आधी इमिग्रेशन खात्याकडून समजून घ्या. बायको कुटुंब परवान्यावर आली असेल तर तिला साधारणपणे कामाचा हक्क असतो. म्हणजे या घरात धंद्याची खरी सुरुवात वहिनींच्या नावाने होईल, साहेबांच्या नाही! एकट्याच्या मालकीची नोंदणी सोपी आहे, भांडवलाची अट नाही, पण कर्ज झालं तर सगळं तुमच्या अंगावर. कंपनी काढायची तर किमान 30,000 क्रोनर भांडवल. बारा महिन्यांत विक्री 50,000 क्रोनरच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी करायची. घरी न्यायच्या जेवणावर 15 टक्के, तिथंच बसून खाल्लं तर 25. डब्याच्या धंद्याला हा फरक फार मोठा आहे.

घरच्या स्वयंपाकघरातून विकता येतं, पण सुरू करायच्या आधी अन्न खात्याकडे नोंद करायची. आणि 14 ॲलर्जीचे पदार्थ ठरलेत, त्यातलं काय पडलंय ते गिऱ्हाइकाला कळवावं लागतं. त्या यादीत शेंगदाणा, तीळ, मोहरी, गहू, दूध सगळं आहे. म्हणजे आपली शेंगदाण्याची चटणी, तिळाची पोळी आणि मोहरीची फोडणी, सगळ्यांवर लेबल!

रविवारी मोठी दुकानं बंद असतात, पण 100 चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकान उघडं ठेवता येतं. छोट्या माणसाला ही फट दिसली पाहिजे.

गिऱ्हाईक मिळवायला बोर्ड पुरत नाही. शाळेत, सोसायटीत वर्षातून एखाद-दोनदा सगळे मिळून साफसफाई, रंगकाम करतात. आपल्या श्रमदानासारखंच, त्याला ते दुग्नाद म्हणतात. तिथं झाडू घेऊन जा. डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, वर पाऊस-वारा. घरात बसलात तर कुणी ओळखणार नाही. नॉर्वेजियन शिका. इंग्रजीत नोकरी भागते, धंदा भागत नाही.

इथंच राहून माल पाठवायचा असेल तर तोही रस्ता आहे. नॉर्वे ज्या गटात आहे त्या एफ्टा देशांशी भारताचा व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय. आपल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला जीआय मिळालाय. पण तिकडे आयात करणारा गिऱ्हाईक आधी हवा, मग आयातनिर्यात कोड.

तो मुलगा जातोय. वहिनींनी नॉर्वेजियनचे ऑनलाइन धडे सुरू केलेत. आईने डब्यात लाडू, पेढे आणि दोन किलो तूप काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, आई, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्या देशातून बॅगेत नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. तूप इथंच ठेवा. तिकडे लोणी चांगलं मिळतं, सूनबाईला कढवायला शिकवून पाठवा.