स्वस्तात जुनं रिव्हॉल्व्हर मिळतंय? पैसे देण्याआधी हे तपासा

शस्त्र परवाना हातात आला की गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मग कुणीतरी सांगतं, 'अमक्याच्या वाड्यात आजोबांचं विलायती रिव्हॉल्व्हर पडून आहे, नव्याच्या निम्म्या किमतीत देतील.' सौदा गोड वाटतो. पण जुनं रिव्हॉल्व्हर घेणं म्हणजे जुना ट्रॅक्टर घेणं नव्हे. ट्रॅक्टरात फसलं तर पैसे जातात, इथं फसलं तर हात जाऊ शकतो आणि तुरुंगही बघावा लागू शकतो. म्हणून आधी कागद, मग शस्त्र आणि शेवटी किंमत, हाच क्रम ठेवावा.

आधी कागद

विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का आणि त्यावर ह्याच रिव्हॉल्व्हरची नोंद आहे का, ते बघा. परवान्यावरचा नंबर आणि शस्त्रावर कोरलेला नंबर एकेक आकडा लावून जुळवा. नंबर घासलेला, खोडलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर तिथूनच परत फिरा. शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे असं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं, त्यानंच नंबर खोडला असं धरलं जातं. 'मी असंच घेतलं होतं' हे सिद्ध करायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

मालक वारला असेल तर वारसांना शस्त्र घरात ठेवून परस्पर विकता येत नाही. वडिलांचा परवाना मुलाच्या नावावर आपोआप होत नाही. शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. पुढचा व्यवहार तिथून होतो.

परवानाधारकानं दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकायचं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. कळवल्यापासून किमान ४५ दिवस गेल्यावरच शस्त्र हवाली करता येतं. 'आज पैसे द्या, आजच घेऊन जा' म्हणणारा माणूस एक तर कायदा जाणत नाही किंवा जाणूनबुजून फसवतोय.

घेणाऱ्यानं स्वतःचा परवानाही नीट वाचावा. त्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलंय की बारा बोअरची बंदूक? पीक राखायला मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात.

बोअरही बघा. सामान्य परवान्यावर चालतं ते .३२ बोअरचं. .३८ आणि .४५५ बोअरची जुनी लष्करी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. ती कितीही देखणी असली तरी साध्या परवान्यावर घेता येत नाहीत.

मग शस्त्र

तपासणी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या कारागिरासमोर करा. शेतात नाही, गाडीत तर नाहीच. पहिलं काम म्हणजे चक्र उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री. विकणारा 'रिकामं आहे' म्हणाला तरी स्वतः बघायचं.

- नळी : उजेडाकडे धरून मागून आत बघा. आतले आटे स्वच्छ, धारदार दिसले पाहिजेत. गंजाचे खड्डे असतील तर नेम जातो. आत गोल कड्यासारखी काळी रेघ किंवा बाहेरून फुगवटा जाणवला तर कधीतरी नळीत गोळी अडकलेली असावी. असं शस्त्र घेऊ नये.
- चक्र : घोडा मागे ओढल्यावर चक्र जागेवर घट्ट बसायला हवं. सहाही घरं एकेक करून तपासा. घर नळीच्या समोर नीट आलं नाही तर गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यालाही इजा होऊ शकते.
- घोडा : मागे ओढलेला घोडा अंगठ्यानं हलकेच पुढे रेटल्यावर सुटत असेल तर आतली खाच झिजली आहे. असं रिव्हॉल्व्हर नुसत्या धक्क्यानं उडू शकतं.
- बिजागरी : जुनी वेब्ली आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडतात. बंद केल्यावर नळी आणि मूठ यांच्यात खुळखुळ असेल तर झीज जास्त आहे.
- रंग : जुन्या शस्त्रावर नवा काळा रंग चकाकत असेल तर खूश होऊ नका. त्याखाली गंज आणि घासलेला नंबर दोन्ही लपतात.

लाकडी मूठ तडकली असेल तर काळजी नाही, ती बदलता येते. नळी आणि चक्राचे सुटे भाग मात्र जुन्या विलायती शस्त्राला मिळणं अवघड.

शेवटी किंमत

१९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात बंद झाली. त्यामुळे विलायती नावाला आजही भाव आहे. पण हा भाव नावाचा आहे, कामाचा नाही. कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. जुन्याची किंमत अधिक दुरुस्ती असा हिशेब करून आजच्या नव्या किमतीशी ताडून बघा. फरक थोडाच निघाला तर नवंच बरं.

काडतुसांचाही विचार करा. रिव्हॉल्व्हरची .३२ काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात. पण पिस्तुलाचं .३२ काडतूस वेगळं असतं, नाव सारखं म्हणून चालत नाही. शस्त्रासोबत मिळालेली जुनी, हिरवट पडलेली काडतुसं वापरू नका, विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करा.

आणि कागदाशिवाय मिळणारा गावठी कट्टा फुकट दिला तरी घेऊ नका. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान २ ते कमाल ५ वर्षं कैद आणि दंड आहे. परवाना असला तरी लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका केला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कागद जुळले, कारागिरानं शस्त्र पास केलं आणि हिशेब बसला, तरच व्यवहार करा आणि परवान्यावर नोंद लगेच करून घ्या. तीनपैकी एकही गोष्ट अडली, तर आजोबांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्याच वाड्यात राहू द्या.