बुद्धिबळाच्या पटावरील रोहिणी

लहान वयांत एखाद्या मुलाची किंवा मुलीची बुद्धि विलक्षण चमकूं लागली, म्हणजे घरांतील मंडळींना जितका आनंद होतो, तितकीच मनांतून धास्तीहि वाटूं लागते. मोहोर पाहून आमरसाचा बेत ठरवूं नये, हें आपलीं वडील माणसें जाणून होतीं. कांहीं मोहोर धुक्यानें जळतो, कांहीं कैऱ्या वाऱ्यानें गळतात, आणि पाडाला लागतात तीं फळें थोडींच. पण जें फळ हातीं आलें तें कोणत्या प्रतीचें, याचा विचार करावयास काय हरकत आहे? बालप्रतिभेसंबंधानें आपल्या समाजांत दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. असें मूल मोठेपणीं जगज्जेतें झालेंच पाहिजे, ही एक. आणि तें तसें न झाल्यास त्याची बुद्धि फुकट गेली, ही दुसरी. या दोन्ही समजुती घांसून पाहण्यास रोहिणी खाडिलकर यांच्या चरित्रासारखा निकष आम्हांस दुसरा आढळत नाहीं. म्हणून त्यांच्या खेळाची, व श्रेष्ठ खेळाडूंच्या मालिकेंत त्यांचें स्थान कोणतें याची, थोडी चिकित्सा येथें करण्याचें योजिलें आहे.

बुद्धिबळ हा खेळ आपल्या घरांना नवा नव्हे. सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त त्याचें वर्णन आहे. नीलकंठभट्टांनीं 'नीतिमयूखा'सारख्या राजनीतीवरील ग्रंथांत त्याला जागा दिली आहे. आमच्या मावळांत, वडिवळे व आसपासच्या गांवीं, आवणी आटोपून पावसाची झड लागली म्हणजे ओटीवर पट मांडला जाई. तो डाव देशी पद्धतीचा. प्यादें पहिल्या चालीसहि एकच घर जावयाचें, किल्लेकोट नाहीं, शह लागला नसेल तर राजानें एकदां घोड्याची उडी घ्यावी, प्यादेमातीचें कौतुक मोठें, आणि बुर्जी झाली तर जिंकणाऱ्याचें तोंड आंबट. परंतु त्या ओटीवर माजघरांतील कोणी येऊन बसल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मुली सागरगोटे खेळत, सोंगट्या खेळत. बुद्धिबळाचा पट मात्र पुरुषांचा, असा अलिखित नियमच होता. तो नियम ज्यांनीं मोडला, त्यांत खाडिलकर भगिनींचें नांव पहिलें घ्यावें लागतें.

खाडिलकर हें घराणें मूळचें सांगलीचें. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लोकमान्यांचे 'केसरी'तील सहकारी, 'कीचकवध' व 'मानापमान' या नाटकांचे कर्ते आणि १९२३ सालीं निघालेल्या 'नवाकाळ' पत्राचे संस्थापक. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांनीं तें पत्र मुंबईंत पुढें चालविलें. त्यांच्या अग्रलेखांची धार आमच्या पिढीस चांगली परिचित आहे. वासंती, जयश्री व रोहिणी या नीलकंठरावांच्या तीन कन्या. रोहिणी धाकटी, जन्म १९६३ सालचा. १९७४ सालीं बंगळूर येथें स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, ती वासंतीनें जिंकली. मधली जयश्री पुढें चार वेळां राष्ट्रीय विजेती झाली, आणि १९७९ सालीं आंतरराष्ट्रीय महिला मास्टर ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. रोहिणीनें १९७६ सालीं कोट्टायम येथें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, तेव्हां तिचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. ज्या वयांत मुलीच्या हातीं शाळेचें दप्तर असावयाचें, त्या वयांत ती देशांतील सर्व स्त्रियांच्या पुढें होती. हें पद तिनें एकंदर पांच वेळां मिळविलें.

परंतु याहूनहि मोठी घटना त्याच वर्षीं घडली. रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास बसली. मुलीनें मुलींत खेळावें, जिंकावें, चषक घरीं न्यावा, यास कोणाची हरकत नव्हती. पण पुरुषांच्या पंक्तीला तिचें पान मांडलेलें पाहतांच गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि निकाल खेळणाऱ्या मुलीच्या बाजूचा लागला. रोहिणीनें पटावरहि आपलें उत्तर दिलें. तिनें तीन राज्यांच्या विजेत्यांस त्या स्पर्धेंत हरविलें. जिला बसूं द्यावें कीं नाहीं याची चर्चा चालली होती, तिच्यापुढें बसलेल्यांनाच उठावें लागलें!

हा वाद जागतिक बुद्धिबळ संघापर्यंत पोहोंचला. संघाचे अध्यक्ष त्या वेळीं डॉ. मॅक्स ऑयवे हे डच गृहस्थ होते. १९३५ ते १९३७ या काळांत ते स्वतः जगज्जेते होते, आणि पेशानें गणिताचे शिक्षक. अ‍ॅम्स्टरडॅम येथें मुलींच्या शाळेंत त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें. स्त्रियांस राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांचें दार बंद करतां येणार नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला. या निर्णयामागें एक गमतीचा इतिहास आहे. स्त्रियांमधील पहिली जागतिक विजेती व्हेरा मेंचिक ही १९२७ पासून त्या पदावर होती व पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून खेळत असे. १९२९ सालीं कार्ल्सबाद येथें कोणीं थट्टेनें सुचविलें कीं, जे पुरुष तिच्याकडून हरतील त्यांचा 'मेंचिक मंडळ' म्हणून एक संघ काढावा. त्या मंडळाच्या सभासदांत पुढें खुद्द डॉ. ऑयवे यांची गणना झाली. त्यांनीं तिच्याकडून एकदां नव्हे, दोनदां हार खाल्ली. स्त्रीची चाल किती खोल असूं शकते, हें ज्याला अनुभवानें ठाऊक, असा न्यायाधीश लाभणें हें रोहिणीचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

यानंतर रोहिणीच्या कीर्तीचा खरा मध्यान्हकाळ आला. १९८० सालीं तिला अर्जुन पारितोषिक मिळालें. १९८१ सालीं हैदराबाद येथें आशियाई महिला स्पर्धा भरली. बारा डावांतून साडेअकरा गुण! म्हणजे अकरा डाव जिंकले, एक बरोबरींत सुटला, आणि हार एकहि नाहीं. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय महिला मास्टर ही पदवी तिच्या नांवापुढें लागली. १९८३ सालीं क्वालालंपूर येथें आशियाचें विजेतेपद तिनें पुन्हां मिळविलें. १९७८ मध्यें ब्युनॉस आयरेस, नंतर व्हॅलेटा, ल्युसर्न, थेसालोनिकी व १९८६ मध्यें दुबई, अशा पांच ऑलिंपियाडांत ती भारताकडून खेळली.

आतां चिकित्सेचा भाग. आशियांत जिचा कोणी हात धरूं शकला नाहीं, ती जगाच्या मालिकेंत कोठें बसत होती? स्पष्ट सांगावयाचें तर, पहिल्या पंक्तींत नव्हे. त्या काळीं स्त्रियांच्या बुद्धिबळाची राजधानी जॉर्जिया हा काकेशस पर्वतांतील चिमुकला देश होता. तेथील नोना गाप्रिंदाश्विली १९६२ पासून १९७८ पर्यंत जागतिक विजेती होती, आणि १९७८ सालीं ग्रँडमास्टर ही पदवी मिळविणारी जगांतील पहिली स्त्री ठरली. तिला ज्या मुलीनें पदच्युत केलें, ती माया चिबुर्दानिद्झेहि जॉर्जियाचीच; वय सतरा. माया १९६१ सालची, रोहिणी १९६३ सालची. दोघीहि बालवयांत चमकलेल्या, दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. पण माया जगज्जेती झाली आणि १९९१ पर्यंत तशी राहिली, व रोहिणी आशियाच्या शिखरावर थांबली.

याचें कारण केवळ बुद्धींत शोधणें हा अन्याय होईल. जॉर्जियांतील मुलीस लहानपणींच सरकारी बालभवनांत शिक्षक मिळे, पुस्तकें मिळत, घराबाहेर पडतांच तोडीचे खेळाडू भेटत. आपल्याकडे १९७६ सालीं स्थिति काय होती? सबंध देशांत आंतरराष्ट्रीय मास्टर ही पदवी धारण करणारे मॅन्युएल आरन हे एकटेच गृहस्थ होते, आणि तीहि पदवी १९६१ सालची. भारताचा पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद १९८८ सालीं झाला. महिला ग्रँडमास्टर ही रोहिणीबाईंच्या पदवीच्या वरची पायरी तर २००१ सालीं एस. विजयालक्ष्मी हिनें प्रथम गांठली. म्हणजे रोहिणीबाई जेथें थांबल्या, त्याच्या पुढच्या पायरीवर पाऊल ठेवावयास देशाला आणखी वीस वर्षें लागलीं. उंची मोजावयाची ती डोंगराच्या पायथ्यापासून मोजली पाहिजे. जो सिंहगडावर उभा आहे त्याची उंची, आणि जो दरींतून एकट्यानें वाट पाडीत वर आला त्याची चढण, यांचें माप एकाच गजानें घेतां येत नाहीं.

हंगेरींतील पोल्गार भगिनींचें उदाहरण या संदर्भांत घेण्याजोगें आहे. सुझान, सोफिया व जुडिट या तिघींना वडिलांनीं घरींच शिकविलें. १९८८ च्या थेसालोनिकी ऑलिंपियाडांत त्यांनीं हंगेरीस सुवर्णपदक मिळवून दिलें. धाकटी जुडिट पुरुषांबरोबरच खेळत राहिली आणि जगांतील पहिल्या दहांत जाऊन बसली. तेथेंहि तीन बहिणी, येथेंहि तीन. तेथेंहि धाकटीची उडी सर्वांत लांब. खाडिलकर भगिनी त्यांच्या आधीं एक तप पटावर आल्या होत्या, पण त्यांच्या भोंवतीं बुडापेस्टसारखें बुद्धिबळानें भारलेलें शहर नव्हतें. तरीहि ज्या प्रश्नावर १९७६ सालीं त्या भांडल्या, तो सर्व जगांतील मुलींचा प्रश्न होता. पटाच्या चौसष्ट घरांना बसणारा पुरुष कीं स्त्री हें कळत नाहीं, ही साधी गोष्ट मान्य करून घ्यावयास एका तेरा वर्षांच्या महाराष्ट्रीय मुलीस न्यायालयाचा आधार घ्यावा लागला. आमच्या मतें आशियाच्या दोन विजेतेपदांहून हें कार्य वजनानें कमी नाहीं.

पुढें रोहिणीबाईंनीं पट मिटला. त्यांनीं मुद्रणकलेचें रीतसर शिक्षण घेतलें, आणि १९९८ सालीं 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादकपदाची धुरा घेतली. जयश्रीबाईहि 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या. कित्येकांस हें ऐकून हळहळ वाटते, कीं एवढी बुद्धि खेळांतून काढून छापखान्याला कां दिली? आम्हांस तसें वाटत नाहीं. पणजोबांनीं उभारलेल्या धंद्यांत पणतीनें खुर्ची घेतली, आणि तीहि वारसाच्या हक्कानें नुसती बसण्यासाठीं नव्हे, तर खिळे, शाई व यंत्र यांची विद्या शिकून. यांत बुद्धीचा अपव्यय कोठें झाला? समय ओळखून डाव मांडतां येणें हें जसें कौशल्य आहे, तसें समय ओळखून डाव उठवितां येणें हेंहि आहे. अनेक बालपंडितांस हें दुसरें कौशल्य साधत नाहीं. ते पन्नाशींतहि आपल्या बाराव्या वर्षाच्याच गोष्टी सांगत बसतात.

पेरलेलें वायां गेलें नाहीं, याची साक्ष अलीकडेच मिळाली. २०२५ च्या जुलै महिन्यांत महिलांच्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना दोन भारतीय स्त्रियांत झाला. कोनेरू हंपी हिला हरवून नागपूरच्या दिव्या देशमुख या एकोणीस वर्षांच्या मुलीनें तो चषक जिंकला, आणि त्याच विजयानें ती ग्रँडमास्टर झाली. स्पर्धेचें स्थळ होतें बाटुमी, म्हणजे जॉर्जिया! ज्या देशाच्या लेकींपुढें आमच्या लेकींस एके काळीं मान वर करून पाहावें लागे, त्याच देशांत जाऊन महाराष्ट्राच्या मुलीनें बाजी मारली. त्याआधीं २०२३ सालीं दिव्यानें आशियाचें विजेतेपदहि मिळविलें होतें. हैदराबादेस १९८१ सालीं रोहिणीनें जें मिळविलें, तेंच. दिव्याच्या आणि रोहिणीच्या मध्यें भाग्यश्री ठिपसे आहेत, स्वाति घाटे आहेत, आणि जिचें नांव कोठेंहि छापून आलें नाहीं अशा शेंकडो मुली आहेत.

आतां दोन शब्द गृहस्थांस. आम्हीं शाळेंत आयुष्य घालविलें आहे. तल्लख मुलें पुष्कळ पाहिलीं, आणि त्यांच्या तल्लखपणाचें घरोघरीं काय केलें जातें, तेंहि पाहिलें. मुलगा असला तर त्याला मखरांत बसवितात, मुलगी असली तर "पुरे आतां" म्हणून उठवितात. आतां भ्रमणध्वनीवर जगांतील कोणाशींहि डाव मांडतां येतो. मावळांतील पोरहि तो मांडतें. साधनांची उणीव बरीच भरून निघाली आहे. उणीव आहे ती घरच्या माणसांच्या धीराची. खाडिलकरांच्या घरीं तीन मुली होत्या. तिघींनाहि पटावर बसूं दिलें, धाकटीला पुरुषांत बसूं दिलें, त्यापायीं लोकनिंदा व कचेरीचे हेलपाटे सोसले, आणि तिनें पट सोडला तेव्हां दुसरें मोठें काम तिच्या हातीं दिलें. यांतील एकहि गोष्ट द्रव्यसाध्य नव्हती. तेव्हां आपल्या घरांत एखादी चिमुरडी आजोबांना मात देऊं लागली, तर ती जगज्जेती होईल कीं नाहीं याचा हिशोब मांडूं नये. तिला तिच्याहून बळकट खेळाडू शोधून द्यावा, तिचा डाव मधेंच मोडून तिला पानें वाढावयास बोलावूं नये, आणि ती हरली तर त्या दिवशींहि तिच्याशीं नेहमींसारखेंच बोलावें.