सावकारांच्या टांकसाळीतला रुपया

धाराशिव जिल्ह्यात जुनी नाणी जमवणाऱ्याला चारमिनार छाप रुपया सहज मिळतो, राणीछाप त्याहून सहज. खरी ओढ लागते ती त्यांच्या आधीच्या रुपयाची. हा रुपया हातोड्याने पाडलेला, जाडजूड, कडेला ओबडधोबड असतो. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून फारसी मजकूर अर्धामुर्धाच उमटतो. अंगावर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा दिसतात. चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे प्रत्येक सराफ आपला ठसा मारून पाहत असे. या रुपयांपैकी कित्येक सावकारांनी आणि मक्तेदारांनी पाडलेले आहेत. गेल्या दोनशे वर्षांत त्यांचं काय झालं, याचा हा मागोवा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात टांकसाळ मक्त्याने दिली जात असे. मराठी मुलुखाला हे नवं नव्हतं. पेशव्यांनीही नागोठणे, रेवदंड्यासारख्या ठिकाणी खासगी माणसांना नाणी पाडण्याचे परवाने दिले होते. मराठवाड्यात गाजला तो औरंगाबादचा गोविंदबक्षी रुपया. दिवाणी कारभार हाती असलेल्या चंदुलालचा भाऊ राजा गोविंदबक्ष, त्याच्या नावाने हा ओळखला जाई. पुढे तारापूरच्या पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंची पेढी औरंगाबादेत आली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला धाडणारी आणि निजामाला कर्ज देणारी ही पेढी. तिने पाडलेला ‘पेस्तनशाही’ सिक्का १८३२ ते १८४२ या काळात निजामाच्या राज्यात चालला. १८४३मध्ये चंदुलाल पायउतार झाला, कर्ज थकलं आणि पेढी बुडाली. रुपया मात्र मागे उरला. पेस्तनशाही हाती आला की संग्राहकाला आजही आनंद होतो तो यामुळेच. एका पेढीची भरभराट आणि वाताहत त्या चांदीत साठलेली आहे.

टांकसाळ बदलली की कस बदलायचा आणि कस बदलला की बट्टा. त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच पडायचा. १८५३मध्ये सालारजंग निजामाचे दिवाण झाले. पुढे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या टांकसाळी बंद करून नाणी पाडण्याचं काम हैदराबादेत आणलं, आणि ‘हाली सिक्का’ चलनात आला. त्याच १८५३मध्ये नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि त्यांचा अधिकारी मेडोज टेलर नळदुर्गला कारभारी म्हणून आला. १८६०मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे परतला.

त्यानंतर जवळपास नव्वद वर्षं हा जिल्हा दोन रुपयांच्या सीमेवर जगला. बार्शी, सोलापूर इंग्रजी हद्दीत. येडशी, तेर निजामाच्या. १९११मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली आणि व्यापाऱ्यांची ये-जा आणखी वाढली. सात हालींना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हे गणित ज्याच्या त्याच्या तोंडी असावं लागे. वजनकाट्यावर ते तंतोतंत उतरतं. हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी शेकडा ८१.८, कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी शेकडा ९१.७. सात हालींत ६४ ग्रॅम शुद्ध चांदी भरते आणि सहा कलदारांतही ६४ ग्रॅमच.

१९४८मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं आणि पुढच्या दशकात हाली चलनातून गेला. जो उरला तो गाठोड्यात, माळांत, लमाण बायांच्या अंगावरच्या दागिन्यांत. खासगी छापाची चांदी मात्र थांबली नाही. धनत्रयोदशीला घरी येणारा लक्ष्मीचा शिक्का, त्यावर सराफाच्या दुकानाचं नाव, ही त्याचीच आजची पिढी. त्यावर किंमत नसते, फक्त वजन आणि कस. अमेरिकेत अशाच ‘सिल्व्हर राउंड’ची लाट खासगी टांकसाळींनी आणली. १९८०च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि त्यातले असंख्य राउंड मुशीत गेले. कुठल्या टांकसाळीने काय पाडलं होतं, हे शोधताना तिथल्या संग्राहकांची आज दमछाक होते.

तीच वेळ आज आपल्यावर आली आहे. २०२५मध्ये चांदीने किलोला दीड लाखाचा टप्पा ओलांडला. आजीचा रुपया मोडीत घालावा असं वाटण्याइतका हा भाव मोठा आहे. पण वजनावर मोडलेला पेस्तनशाही आणि कालचा लक्ष्मीचा शिक्का मुशीत सारखेच होतात.

जतन कसं करावं, याचा धडा याच जिल्ह्यात आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आणि नाणी एकेक करून जमवली. त्यातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आज त्यांचंच नाव मिरवतं. दुसरा धडा कडू आहे. तुळजाभवानीच्या खजिन्यातली संस्थानकालीन नाणी गहाळ झाल्याचं प्रकरण २०२०मध्ये पोलिसांत गेलं. एका माणसाच्या चिकाटीने गावाचा ठेवा टिकतो आणि राखणदारांची नजर हलली तर देवीच्या खजिन्यालाही गळती लागते, हे आपण पाहिलं आहे.

म्हणून वाचकांना विनंती. घरात जुना रुपया असेल तर तो चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासल्याने अक्षरं झिजतात. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वजन करा, तो कुठल्या गावातून आणि कोणाकडून आला ते कागदावर लिहून सोबत ठेवा. शेतात पुरलेलं धन सापडलं तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, ते कळवा. आणि विकायचाच असेल तर आधी जाणकाराला दाखवा, मगच सराफाच्या काट्यावर ठेवा.