हरणाच्या वाटेवरचा कॅमेरा

अमेरिकेत हरणाच्या शिकारीआधी रानातल्या झाडाला कॅमेरा बांधून ठेवतात. तो घेताना लोक मेगापिक्सेल बघतात. माझ्या मते आधी बघावा तो ट्रिगरचा वेग. जनावराच्या अंगाची ऊब सेन्सरला जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंत एक सेकंद गेला, तरी पळत्या हरणाची नुसती शेपटी हाती लागते. रात्री ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लांबवर पोचतो, पण त्याचे दिवे लालसर चमकतात. ९४०चे जवळजवळ दिसतच नाहीत, मात्र पल्ला कमी. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियमचे टिकतात. समोरचं गवत कापलंच पाहिजे, नाहीतर उन्हात डुलणाऱ्या पात्यांच्या फोटोंनी कार्ड भरतं. आणि राज्याचा नियम आधी पाहावा: अ‍ॅरिझोनात २०२२पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी आहे.