उथळ पाण्यातला खटला

न्यायालयांचे निकाल वाचायचं वेड मला कॉलेजपासूनचं. शहाडहून सीएसएमटीला जाताना डब्यात कुणी भजन म्हणतं, कुणी भिशीचा हिशेब मांडतं. माझ्या हातात निकालपत्र असतं. अमली पदार्थ आणि मृत्यू यांची गाठ पडलेले खटले मी आवर्जून वाचतो. त्यांत गोव्याच्या स्कार्लेट कीलिंग प्रकरणाइतकं दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाने मला धरून ठेवलेलं नाही.

घटना थोडक्यात सांगतो. १८ फेब्रुवारी २००८ रोजी सकाळी हणजूणच्या किनाऱ्यावर १५ वर्षांच्या या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. कुटुंब तेव्हा गोकर्णला होतं. बुडून अपघाती मृत्यू, असं पोलिसांनी ठरवून टाकलं. आई फियोना मॅककिओन यांनी ते मानलं नाही. दुसरं शवविच्छेदन झालं, अंगावर अनेक जखमा आढळल्या आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. हिप्पींचा गोवा, अमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा एनडीपीएस कायदा, किनाऱ्यावरचा नशेचा बाजार ही पार्श्वभूमी वाचकांना ठाऊकच आहे.

मला अस्वस्थ करत आला तो एकच प्रश्न : किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात माणूस बुडतो कसा?

तो डोक्यात घेऊनच मी हणजूणला गेलो. ओहोटी होती. शेवाळलेले काळपट खडक उघडे पडले होते आणि त्यांच्या खाचांत घोटाभर पाणी साचलं होतं. शुद्धीतला माणूस तिथे बुडणं कठीण. पण नशेत शुद्ध हरपून पालथ्या पडलेल्या माणसाचा जीव जायला तेवढं पाणीही पुरतं. नाकातोंडाशी पाणी आलं तरी मान वळवण्याचं त्राण त्याच्यात नसतं. म्हणजे ‘बुडून मृत्यू’ हे कारण बरोबर असलं, तरी त्यावर तपास थांबवणं चूक होतं. ती त्या अवस्थेत तिथे आली कशी, हे विचारायलाच हवं होतं.

सीबीआयने नेमका हाच धागा धरला. दोघा आरोपींनी मुलीला अमली पदार्थ दिले, अत्याचार केला आणि उथळ पाण्यात तशीच टाकून दिली, असा आरोप होता. म्हणून खटला खुनाचा न होता सदोष मनुष्यवधाचा झाला. खुनात सहसा मारण्याचा हेतू शोधला जातो. २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४च्या दुसऱ्या भागात मात्र, आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव आरोपीला होती, एवढं सिद्ध झालं तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा होत असे. नशेतून झालेल्या मृत्यूंना न्याय मिळण्याची वाट बहुधा याच कलमातून जात असे, असं माझं ठाम मत आहे.

ती वाट सोपी मात्र नव्हती. पणजीच्या बाल न्यायालयात खटला वर्षानुवर्षं रखडला. एक महत्त्वाचा ब्रिटिश साक्षीदार साक्षीला आलाच नाही. २३ सप्टेंबर २०१६ रोजी दोन्ही आरोपी निर्दोष सुटले. सीबीआय अपिलात गेली. सुटलेल्या आरोपीला अपिलात दोषी ठरवणं अवघड असतं, कारण निर्दोषत्वाच्या गृहीतकाला आता निकालाचीही जोड मिळालेली असते. तरीही जुलै २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या दोघांपैकी सॅमसन डिसूझाला दोषी ठरवून १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. दुसऱ्या आरोपीची सुटका कायम राहिली.

अकरा वर्षं! त्यांतली कितीतरी पहिल्याच दिवशी वाचली असती. पंचनामा, जखमांची नोंद, व्हिसेरा या गोष्टी वेळेत आणि चोख झाल्या नाहीत, तर पुढे निष्णात वकीलही हतबल होतो. गावच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला न्यायवैद्यकाचं प्रशिक्षण मिळावं, असं मी जिथे संधी मिळेल तिथे म्हणत आलो आहे.

आणि तरुण वाचकांना एक सांगणं. पार्टीत कुणी नशेने कोसळलं, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून निघून जाऊ नका. त्याला कुशीवर वळवा, श्वास चालू आहे का बघा, १०८ला फोन करा आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने वाया जाणाऱ्या त्या काही मिनिटांत जीव जातो.