खावेसे वाटणे आणि खाणे : वजन उतरविताना होणाऱ्या खाद्यवासनेचा विचार

दुपारी पोटभर जेवलेला एखादा गृहस्थ चारच्या सुमारास कचेरीच्या उपाहारगृहावरून जातो. आत कढईत भजी तळली जात असतात. वास येताच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, आणि वजन उतरविण्याचा सकाळीच केलेला निश्चय डळमळू लागतो. बशी रिकामी झाल्यावर तो स्वतःला दोष देतो की, आपल्या अंगी मनोनिग्रहच नाही. हा दोष कितपत रास्त आहे आणि अशा प्रसंगी काय करता येण्याजोगे आहे, याचा उलगडा शरीरशास्त्र व मानसशास्त्र यांच्या आधारे बऱ्याच अंशी होतो. मराठी भाषेतील नित्याचे प्रयोगही या कामी उपयोगी पडतात.

'भूक' हा शब्द संस्कृत 'बुभुक्षा' या शब्दावरून प्राकृताच्या द्वारे मराठीत आला. 'भुज्' धातूच्या इच्छार्थक रूपापासून बुभुक्षा सिद्ध होते. तेव्हा तिचा मूळ अर्थ 'खाण्याची इच्छा' असा आहे. मराठीत मात्र भूक ही मुख्यत्वे शरीराची गरज ठरली, आणि नुसत्या इच्छेच्या विविध छटांसाठी चटक, हाव, वखवख, खा-खा, चोचले, डोहाळे असे निराळे शब्द रूढ झाले. या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे लक्षात घेण्याजोगी आहेत. भूक भागते, डोहाळे पुरवितात, हाव आवरतात, चटक मात्र मोडावी लागते. 'चटक भागली' असे सहसा कोणी म्हणत नाही. कारण पुरविल्याने ती शांत न होता अधिकच पक्की होते. वजन उतरवू पाहणाऱ्याने प्रथम हाच भेद ओळखावयास हवा. ज्या उपायाने भूक भागते त्याने चटक मोडत नाही, आणि चटक मोडण्यासाठी भूक मारणे हा तर उलटाच उपाय होय.

भूक हळूहळू वाढते आणि मिळेल त्या अन्नाने शमते. चटकेचा रोख एखाद्या विशिष्ट पदार्थावर असतो, आणि बहुधा वास, दृश्य, ठराविक वेळ किंवा कंटाळा यांमुळे ती अकस्मात उठते. 'आता भाजी-भाकरी पुढे आली तर चालेल काय?' हा प्रश्न स्वतःला विचारणे ही साधी कसोटी आहे. उत्तर होकारार्थी असल्यास ती भूक समजावी व जेवावे.

भूक मारण्याचा परिणाम काय होतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात आढळते. 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. परंतु अन्न हाच त्यांच्या विचारांचा, संभाषणाचा आणि स्वप्नांचा विषय होऊन बसला, आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचू व जमवू लागले. या अवस्थेमागील शरीरव्यापारांची आणखी माहिती पुढे मिळाली. मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध 1994 मध्ये, तर मुख्यतः जठरात निर्माण होणाऱ्या घ्रेलिनचा 1999 मध्ये लागला. वजन घटले की लेप्टिनचे प्रमाण उतरते, घ्रेलिनचे सामान्यतः चढते, आणि भूक वाढते. दुर्बळ मनाला तिचा दोष देणे म्हणूनच अनुचित होय. आहार बेताने कमी करावा, जेवणाच्या वेळा चुकवू नयेत, आणि डाळी, कडधान्ये, दही, पालेभाज्या यांसारखे प्रथिने वा चोथा पुरविणारे पदार्थ ताटात असावेत.

चटकेचा विचार करताना व्याकरणातील एक भेद उद्बोधक ठरतो. मराठीत 'त्याला भूक लागली', 'त्याला खावेसे वाटले' असे म्हणतात. परंतु 'त्याने भजी खाल्ली'. पहिल्या दोन वाक्यांत माणूस चतुर्थीत आहे. भूक किंवा इच्छा त्याच्याकडे न बोलावता येते आणि तो केवळ अनुभव घेतो. तिसऱ्या वाक्यात तो तृतीयेतील कर्ता आहे. कृती त्याची आहे. व्याकरण हा शरीरशास्त्राचा पुरावा नव्हे, हे खरे. तथापि या ठिकाणी दोहोंचा मेळ बसतो. वासना उठणे हे माणसाच्या थेट सत्तेबाहेरचे आहे. तिच्यावर कृती करणे वा न करणे यास मात्र वाव आहे. 'ला' आणि 'ने' यांच्यामधील हे अंतर वाढविणे, यातच संयमाचे सारे तंत्र सामावलेले आहे.

अनेकांचा प्रयत्न याच्या विपरीत असतो. ते विचारच मनात येऊ नये म्हणून झटतात. डॅनिएल वेग्नर व त्यांचे सहकारी यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळण्यास सांगितलेल्या व्यक्तींच्या मनात तेच अस्वल वारंवार आले, आणि पुढे विचारास मोकळीक मिळताच ते अधिकच येऊ लागले. वासनेशी झुंजण्यापेक्षा 'मला भजी खावीशी वाटत आहेत' एवढे मनाशी नोंदवून ती ओसरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबणे अधिक हिताचे असते.

या अवधीत काय करावे, यासही महत्त्व आहे. कॅव्हनॉ, अँड्रेड आणि मे या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार वासना बळावते ती मनातल्या चित्रांमुळे : पदार्थाचा रंग, वास, कुरकुरीतपणा यांची कल्पना मन रंगवीत जाते. तीच कल्पनाशक्ती अन्यत्र गुंतविली की चित्र फिके पडते. परिचित रस्ता डोळ्यांपुढे आणणे, मातीचे आकार घडविणे, अशा कामांनी वासनेचा जोर कमी झाल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. जाईच्या सुगंधानेही चॉकलेटची ओढ मंदावल्याचे आढळले आहे.

चटक समूळ मोडण्यास याहून अधिक काळ लागतो. एखादा आवडता पदार्थ थोडे दिवस अजिबात वर्ज्य केल्यास त्याची ओढ प्रायः वाढते. परंतु पुरेशा व संयत आहारावर दीर्घकाळ राहिल्यास ती सामान्यतः कमी होते. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांत खूण मिळूनही अन्न मिळेनासे झाले की कुत्र्याची लाळ सुटणे हळूहळू थांबे. मात्र काही काळाने ती सवय पुन्हा डोके वर काढी. मोडलेली चटक पुन्हा जागी झाली, तर पूर्वीचे श्रम वाया गेले असे म्हणूनच समजू नये.

खुणा कमी करणे हाही उपायाचाच भाग आहे. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात रसनेच्या संदर्भात, शेंडे खुडून मूळ शिंपीत राहण्याचा दृष्टान्त आला आहे. घरात चिवडा, फरसाण, बिस्किटे यांचे डबे समोर मांडून ठेवावयाचे आणि मनाला आवरावयाचे, हा प्रकार त्यातलाच. एकादशीस साबुदाण्याच्या खिचडीने जेवणाची भरपाई करणाऱ्याचे वजन उतरत नाही, याचेही कारण उघड आहे : साबुदाणा बहुतांशी पिष्टमय, आणि शेंगदाणे व तूप स्निग्ध. पदार्थाचे स्वरूपही दुर्लक्षिण्याजोगे नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 व्यक्तींवर केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कारखान्यांत अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना त्यांच्या पोटात दररोज सुमारे 500 उष्मांक अधिक गेले. पुढे मांडलेल्या दोन्ही आहारांतील उष्मांक, साखर व स्निग्धांश यांचे प्रमाण मात्र सारखे राखलेले होते.

या विवेचनाला मर्यादा आहेत. मधुमेहावर इन्सुलिन किंवा तत्सम औषध घेणाऱ्यास थरथर, घाम व भोवळ येऊन खावेसे वाटल्यास ती चटक नव्हे. रक्तातील साखर उतरल्याची ती खूण असू शकते, आणि तेथे तत्काळ साखर घेणेच इष्ट. गर्भवतीने वजन उतरविण्याच्या भरीस पडू नये, आणि माती वा खडू खाण्याचे डोहाळे लागल्यास वैद्यास सांगावे. त्यामागे लोहाची उणीव असू शकते. खाण्याचे अनावर झटके वारंवार येऊन मागाहून तीव्र खंत वाटत असल्यास तो उपचाराचा विषय आहे, उपदेशाचा नव्हे.

कचेरीतील त्या गृहस्थाला उद्याही चार वाजता भज्यांचा वास येईल आणि त्याला खावेसे वाटेल. त्याबद्दल त्याने स्वतःस अपराधी मानण्याचे कारण नाही. दुपारचे जेवण पुरेसे झाले असेल आणि त्याने जाण्याची वाट बदलली किंवा घटकाभर थांबण्याचे ठरविले, तर 'त्याला वाटले' या वाक्यापुढे 'त्याने खाल्ले' हे वाक्य आलेच पाहिजे असे नाही.